‘हवं होतं’ या दोन शब्दांविषयी

परीक्षा संपवून मुलं बाहेर पडत असतात तेव्हा कुठल्याही वर्गाच्या दाराशी पाच मिनिटं उभं राहून बघा. प्रश्नपत्रिका अजून हातातच असते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्यरचना असते. ‘तो दहा मार्कांचा प्रश्न आधी घ्यायला हवा होता.’ ‘रात्री थोडं तरी झोपायला हवं होतं.’ ‘दुसरं युनिट ऑप्शनला टाकायला नको होतं.’ मेसमध्ये, बसस्टॉपवर, हॉस्टेलच्या जिन्यात, सगळीकडे हेच. क्रियापदाला ‘आयला’ लावायचं आणि पुढे ‘हवं होतं’ जोडायचं. मराठीत स्वतःला बोल लावायची याहून सोपी सोय नसेल.

बहुतेक वेळा हे वाक्य निरुपद्रवी असतं. एक चहा झाला की आपण ते विसरतो. पण कधीकधी ते मुक्कामाला येतं. माझ्याकडे ते जवळजवळ दहा महिने मुक्कामाला होतं. ते उठून जावं म्हणून मला एका वहीची, आमच्या काउन्सेलर मॅडमची आणि कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी, म्हणजे सीबीटी, नावाच्या उपचारपद्धतीची मदत झाली. साहित्य मंडळाच्या अंकात मानसोपचारावर लेख कशाला, असं कुणी विचारेल. मला तो इथेच द्यावासा वाटला, कारण या पद्धतीत जे करावं लागतं ते आपण वर्गात रोज करतोच. एक वाक्य घ्यायचं आणि ते घाई न करता वाचायचं.

आधी माझं वाक्य सांगते.

माझं घर खानापूर तालुक्यात. पप्पा नोकरीनिमित्त गोव्यात, आई दिवसभर कामावर, त्यामुळे मला वाढवलं ते आजीनं. शुक्रवारी संध्याकाळी बेळगावहून बस पकडायची, दोन दिवस आजीजवळ राहायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं, हा माझा तीन वर्षांचा नेम होता. मागच्या वर्षी एका आठवड्यात मी गेले नाही. सोमवारी इंटर्नल परीक्षा होती आणि मंगळवारी सेमिनार. त्या रविवारी सकाळी आई मिस्सेला गेली होती. गुडघे दुखतात म्हणून आजी घरी थांबली होती. आई परत आली तेव्हा आजी खुर्चीत एका बाजूला कलली होती आणि तिचे शब्द एकमेकांत मिसळत होते. शेजारच्यांना वाटलं, अशक्तपणा आहे, थोडी पडली की बरं वाटेल. मग गाडी शोधण्यात वेळ गेला, मग रस्त्यात. बेळगावला पोहोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळून गेली होती.

आजी वाचली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटलं. आपण बोललेलं तिला बरंचसं कळतं, पण तिला जे म्हणायचं असतं त्याचा शब्द सापडत नाही. ज्या बाईनं मला भुताच्या गोष्टींपासून संतांच्या चरित्रांपर्यंत सगळं तोंडी सांगितलं, कोडी घालून जेवायला लावलं, तिला आता ‘पाणी’ म्हणायला मिनिट लागतं. मी भाषेची विद्यार्थिनी झाले ती तिच्यामुळे.

तेव्हापासून डोक्यात वाक्य सुरू झालं. मी घरी असायला हवं होतं.

हे वाक्य एकटं राहत नाही. त्याच्या मागोमाग दुसरं आलं, मी असते तर ती आज बोलत असती. मग तिसरं, हे माझ्यामुळे झालं. मग चौथं, मी स्वार्थी आहे, मला मार्क आजीपेक्षा मोठे वाटले. चार पायऱ्यांत मी एका शनिवार-रविवारवरून थेट माझ्या अख्ख्या स्वभावावर उतरले होते आणि मधली एकही पायरी मला दिसली नव्हती.

याच काळात कॉलेजची कामं साचत गेली. दोन असाइनमेंट, एक सेमिनार, स्कॉलरशिपचा अर्ज, कमी पडलेली हजेरी. मी लॅपटॉप उघडायचे, सगळी कामं एकदम अंगावर आल्यासारखी वाटायची आणि मी लॅपटॉप मिटायचे. पहाटे तीनला मोबाईलमध्ये यादी करायचे. एका रात्री ती तेवीस कामांची झाली. यादी संपली की मनात यायचं, एवढंसुद्धा जमत नाही, म्हणजे मी आहेच तशी. स्वतःला दोष देणं आणि कामाखाली चेंगरून जाणं या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, पण एक दुसरीला खायला घालत असते.

मैत्रिणी म्हणायच्या, ‘अगं, यात तुझा काय दोष?’ प्रेमानंच म्हणायच्या. पण ते वाक्य माझ्यापर्यंत पोहोचायचंच नाही. त्या जितक्या जोरात नाही म्हणायच्या, तितक्याच जोरात माझ्या आतला वकील पुरावे काढायचा.

काउन्सेलर मॅडमनी तसं काहीच म्हटलं नाही. त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, ‘डोक्यात जे वाक्य येतं, ते जसंच्या तसं लिही. सुधारून लिहू नकोस.’

ही युक्ती कुठून आली, ते मी नंतर वाचलं. अ‍ॅरन बेक हे अमेरिकेत फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणारे मनोविकारतज्ज्ञ. जन्म १९२१चा. त्यांचं शिक्षण फ्रॉइडच्या परंपरेतलं. त्या परंपरेत नैराश्याचं एक स्पष्टीकरण असं होतं की, माणसाचा राग बाहेर न पडता स्वतःवर उलटतो. बेक यांनी हे तपासून पाहायचं ठरवलं आणि निराश रुग्णांची स्वप्नं अभ्यासली. त्यांत रागापेक्षा जास्त आढळलं ते काहीतरी गमावल्याचं, हरल्याचं, नाकारलं गेल्याचं चित्र. शिवाय रुग्णांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की माणूस जे मोठ्यानं बोलतो त्याच्या खालून विचारांचा आणखी एक प्रवाह वाहत असतो. हे विचार झटपट येतात, तोकडे असतात आणि इतके सवयीचे झालेले असतात की ते खरे की खोटे हे विचारायचंही सुचत नाही. बेक यांनी त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं. १९६०च्या दशकात त्यांनी यावर उपचाराची पद्धत बांधायला घेतली आणि १९७९ साली सहकाऱ्यांबरोबर नैराश्यावरच्या या उपचाराचं सविस्तर पुस्तक काढलं. २०२१ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून, ते गेले.

न्यू यॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस त्यांच्याआधीच, १९५०च्या दशकात, अशाच वाटेनं निघाले होते. घटनेमुळे आपण थेट दुःखी होत नाही, घटनेबद्दल आपण जे मानतो ते मध्ये असतं, हा त्यांचा मुद्दा. ‘असं व्हायलाच पाहिजे’ या आग्रहाशी त्यांचं खास वैर होतं. मराठी वाचकाला एलिस परके नाहीत. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ही विचारपद्धती मराठीतून लोकांपर्यंत नेली आणि अंजली जोशी यांनी तर ‘मी अल्बर्ट एलिस’ नावाची कादंबरीच लिहिली. आणखी मागे गेलं तर रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिलेच आहेत. मला त्यातली एक गोष्ट नेहमी आवडते. ते मनाला उपदेश करतात, पण हाक मारतात ती भल्या माणसाला मारावी तशी. मनाशी बोलता येतं, त्याला समोर बसवून प्रश्न विचारता येतात, ही कल्पना आपल्या भाषेला नवी नाही.

आता वहीकडे येते. मॅडमनी पानावर सहा रकाने आखायला सांगितले. प्रसंग काय होता. त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं. कोणती भावना आली आणि शंभरापैकी किती. वाक्याच्या बाजूनं पुरावा काय. विरुद्ध पुरावा काय. आणि शेवटी, दोन्ही बाजू धरून लिहिलेलं नवं वाक्य. मग भावना पुन्हा शंभरापैकी किती. याला विचारनोंद म्हणू या.

पुराव्याच्या रकान्यात एक नियम होता. कोर्टात चालेल तेवढंच लिहायचं. ‘मला अपराधी वाटतं, म्हणजे मी अपराधी असणारच’ हे चालत नाही, कारण वाटणं हा पुरावा नव्हे. बेक आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी विचारांच्या अशा ठरावीक वळणांना नावं दिली आहेत. सगळं किंवा काहीच नाही. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं असं धरून चालणं. भावनेलाच पुरावा मानणं. एका कृतीवरून माणसाला शिक्का मारणं. आपल्या हाताबाहेरची गोष्ट स्वतःच्या नावावर लिहिणं. वर्गात आपण अलंकार ओळखतो तसंच हे. उपमा ओळखली म्हणून कविता खोटी ठरत नाही, पण ती आपल्यावर कसा परिणाम करते ते दिसायला लागतं.

पहिले दोन आठवडे मी इंग्रजीत लिहिलं. पुस्तकं इंग्रजीत, रकान्यांची नावं इंग्रजीत, आणि खरं सांगायचं तर इंग्रजीत लिहिताना दुखत नव्हतं. पानं भरत होती, आकडे खाली येत होते, रात्री मात्र तशाच जात होत्या. मॅडमनी वही चाळली आणि विचारलं, ‘हा विचार तुला इंग्रजीतच येतो काय गं?’ नाही. तो मराठीत यायचा, तोही घरच्या मराठीत, आजीशी बोलायचे त्या सुरात. ‘मग ज्या भाषेत येतो त्याच भाषेत लिही की,’ त्या म्हणाल्या.

मराठीत लिहिलं तेव्हा हात थांबला. ‘मी घरी असायला हवं होतं.’ बराच वेळ मी त्या ‘हवं’कडे बघत राहिले. इंग्रजीतल्या ‘शुड’मध्ये फक्त कर्तव्य आहे. आपल्या ‘हवं’मध्ये इच्छा आहे. ‘मला चहा हवा’ म्हणतो ते हेच ‘हवं’. आणि मला आजीचा आवाज आठवला. मी कुठल्या फेस्ताला गेले नाही की ती फोनवर म्हणायची, ‘तू यायला हवं होतंस गं.’ त्यात आरोप नसायचा. तुझी आठवण आली, एवढाच त्याचा अर्थ असायचा आणि मला तो न समजावता कळायचा. तेच वाक्य मी स्वतःला म्हणत होते, आणि शिक्षा सुनावल्यासारखं ऐकत होते.

वाक्य दोन प्रकारे वाचता येतं एवढं कळल्यानं मी लगेच मोकळी झाले, असं नाही. पुरावा तपासायचा होताच. त्यासाठी मॅडमनी भाकरी काढायला सांगितली. इंग्रजी पुस्तकांत तिला पाय म्हणतात. मी गोल काढला आणि आमच्यात तिचं नाव भाकरीच पडलं. जे घडलं त्याला कारणीभूत असलेल्या सगळ्या गोष्टींची यादी करायची आणि प्रत्येकीला तिचा तुकडा द्यायचा. यात क्रम महत्त्वाचा आहे. स्वतःचा तुकडा सगळ्यांत शेवटी कापायचा. आधी कापला तर तो नव्वद टक्क्यांचा होतो, हे मी आदल्या आठवड्यात करून बघितलंच होतं.

वर्षानुवर्षांचा रक्तदाब आणि चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, पंचेचाळीस टक्के. ही लक्षणं पक्षाघाताची आहेत हे आसपास कुणालाच ठाऊक नसणं, वीस. रविवार असल्यानं गाडी न मिळणं, पंधरा. गाव ते शहर हे अंतर, दहा. नेमक्या त्या तासाला घरात दुसरं कुणी नसणं, पाच. उरलेले पाच माझ्या नावावर. हे आकडे काही वैद्यकीय सत्य नव्हेत. पण आकडे मांडताना मला ती कारणं एकेक करून बघावी लागली, आणि दहा महिन्यांत मी ती कधीच बघितली नव्हती.

मॅडमनी ते पाच टक्के खोडले नाहीत. म्हणाल्या, ‘ते काय आहेत, ते तूच बघ.’

उत्तर मला घरी मिळालं. त्या शनिवारी मी भाकरीचं चित्र आईला दाखवलं. आई ते बघत गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘मी त्या दिवशी मिस्सेला जायला नको होतं.’ रात्री फोनवर पप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘मी गोव्याला राहायलाच नको होतं.’ म्हणजे एकाच घरात तिघंजण, तीन कोपऱ्यांत, तेच वाक्य घेऊन बसलो होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं की पूर्ण भाकरी आपलीच.

सीबीटीमध्ये एक साधा प्रश्न विचारतात. हीच गोष्ट तुझ्या जवळच्या माणसाच्या बाबतीत घडली असती, तर तू त्याला काय म्हणाली असतीस? आईकडे बघताना मला त्या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं नाही. रविवारी मिस्सेला गेल्याबद्दल मी आईला दोषी धरेन काय? विचारच हास्यास्पद. मग परीक्षेसाठी हॉस्टेलवर थांबलेल्या मुलीला कुठल्या न्यायानं दोषी धरायचं? आईचे पाच टक्के आणि माझे पाच टक्के एकाच मालाचे होते. आम्हाला तिथं असायचं होतं. आम्ही नव्हतो. त्याचं वाईट वाटतं. याला दोष म्हणत नाहीत, याला दुःख म्हणतात. दोषाला खटला लागतो. दुःखाला सोबत लागते, आणि ती आम्ही दहा महिने एकमेकांना दिली नव्हती.

शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, ‘मला त्या दिवशी आजीजवळ असायचं होतं. मी नव्हते, कारण मला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं.’ अपराधीपणा नव्वदवरून चाळीसवर आला. दुःख होतं तिथंच राहिलं. पण त्या रात्री मी झोपले.

इथं एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण आपल्या कॉलेजात ती बऱ्याच जणांच्या मनात येते. मला वाटायचं, स्वतःला दोष देणं म्हणजे नम्रता. आपण लहानपणापासून छातीवर हात मारून आपले अपराध कबूल करायला शिकतो. पण कन्फेशनची रचना नीट पाहिली तर ती माझ्या रात्रीच्या खटल्याहून अगदी उलट आहे. तिथं एखादी कृती लागते. गंभीर पापासाठी तीन अटी आहेत. बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी, मनापासूनची संमती हवी. प्रायश्चित्त ठरावीक असतं. आणि शेवटी क्षमा मिळते, विषय संपतो. माझ्या खटल्यात कृती नव्हती, जाणीव असणं शक्यच नव्हतं, आणि शेवट तर कधीच नव्हता. संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये मनरेसा गावी याच फेऱ्यात सापडले होते. कबूल केलेली पापं पुन्हापुन्हा आठवून ते इतके खचले की जीव द्यावासा वाटू लागला. त्यांच्या कबुलीगुरूंनी सांगितलं, जुनं काही अगदी स्पष्ट असेल तरच सांगा, नाहीतर नको. त्यांनी पुढे लिहून ठेवलेली रोजची आत्मपरीक्षा पाच टप्प्यांची आहे, आणि तिची सुरुवात आभार मानण्यानं होते. अपराध त्यानंतर येतात. स्वतःला तपासणं आणि स्वतःला सोलणं यांतला फरक त्यांना फार महागात पडून कळला होता.

आता तेवीस कामांची यादी. दोषाचं ओझं थोडं उतरलं तरी ती होतीच. सीबीटीतला ‘बिहेव्हिअरल’ हा शब्द इथं उपयोगी पडतो. आपण मूड येण्याची वाट बघतो, मग काम करू म्हणतो. ही पद्धत क्रम उलटा करते. आधी अगदी छोटी कृती, मूड मागून येतो. मॅडमनी यादीतली प्रत्येक ओळ वाचून विचारलं, ‘याची पहिली दहा मिनिटं कशी दिसतात?’ ‘असाइनमेंट पूर्ण करणे’ हे काम नाही, तो डोंगर आहे. ‘ग्रंथालयात जाऊन ते एक पुस्तक काढणे’ हे काम आहे. तेवीसपैकी सहा गोष्टी माझ्या हातातल्याच नव्हत्या. नऊ या महिन्यातल्या नव्हत्या. आठ उरल्या. रोज दोन. शिवाय रोज एक गोष्ट जिच्यात आनंद आहे, मग ती मोगऱ्याला पाणी घालण्याएवढी का असेना. आणि पहाटे तीनच्या काळज्यांसाठी संध्याकाळी सहा ते सव्वासहा अशी वेळ ठरवून दिली. रात्री काळजी आली की तिला म्हणायचं, उद्या सहाला ये. हसू येतं, पण बऱ्याच काळज्या दिलेल्या वेळेला हजरच राहत नाहीत.

भाकरीनं आणखी एक गोष्ट दाखवली. माझे पाच टक्के मी कितीही उगाळले तरी त्यातून कुणाचं काही भलं होणार नव्हतं. लक्षणं माहीत नसण्याच्या वीस टक्क्यांवर मात्र हात चालवता येत होता. आई आणि मी एक तक्ता केला. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात वर न राहणं, बोलणं अडखळणं, यातलं काही अचानक दिसलं तर वेळ न घालवता १०८ला फोन आणि लगेच हॉस्पिटल. आमच्या चर्चच्या फलकावर तो मराठीत आणि कन्नडमध्ये लावला आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ‘सगळं छान आहे’ असं स्वतःला पढवणं म्हणजे सीबीटी नव्हे. खरोखर कुणाचं आपण काही बिघडवलं असेल, तर पुराव्याचा रकाना तेही सांगतो, आणि मग माफी मागून ते निस्तरणं हे पुढचं काम असतं. वहीनं फी भरली जात नाही, लांबचं हॉस्पिटल जवळ येत नाही. नैराश्य खोल असेल तर वही पुरत नाही, डॉक्टर लागतात, कधी औषधं लागतात. वहीसुद्धा एकटीनं भरण्यापेक्षा प्रशिक्षित माणसाबरोबर भरावी. सहसा सहा ते वीस भेटी होतात आणि दोन भेटींच्या मधला गृहपाठच जास्त काम करतो.

आपल्याकडे चिडवायला ‘याला धारवाडला पाठवा’ म्हणायची पद्धत आहे, कारण तिथं मनोरुग्णांचं मोठं सरकारी इस्पितळ आहे. ती थट्टा आपण आता सोडून द्यायला हरकत नाही. तिच्या धाकानं किती जण गप्प बसत असतील. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ हा नंबर. दिवसरात्र चालू, विनाशुल्क, आणि मराठी-कन्नडसकट अनेक भाषांत. जीव नकोसा वाटत असेल तर वही, लेख, सगळं बाजूला ठेवून आधी हा नंबर लावा किंवा जवळच्या माणसाला उठवा.

आजीचे स्पीच थेरपीचे व्यायाम चालू आहेत. नवे शब्द फार थोडे आले आहेत. पण काही जुनी, जिभेवर बसलेली वाक्यं अचानक अख्खीच्या अख्खी बाहेर पडतात. मध्ये एका रविवारी तिच्या हाताला तेल लावताना मी तिला म्हटलं, ‘आजी, त्या दिवशी मला इथं असायचं होतं गं.’ तिनं माझ्याकडे बघितलं, ओठ जुळवले आणि म्हणाली, ‘असू दे की.’ मग डाव्या हातानं तेलाच्या वाटीकडे बोट दाखवलं. दुसरा हात राहिला होता.

तुमच्याकडेही असं एखादं वाक्य मुक्कामाला असेल. आज रात्री ते कागदावर उतरवून बघा. ज्या भाषेत येतं त्याच भाषेत, न सुधारता. मग शिक्षकांनी शिकवलं आहे तसं वाचा. बोलतंय कोण, पुरावा कुठं आहे, आणि ‘हवं होतं’ म्हणजे नेमकं कोणाला काय हवं होतं.